मदत हवी आहे : गिरणी संपाच्या काळातील घरखर्चाचे तपशील

नमस्कार. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या मुंबईतील कापड गिरणी संपाच्या पार्श्वभूमीवर मी एक दीर्घकथा लिहीत आहे. सुमारे अडीच लाख कामगार त्या संपात उतरले होते, परंतु माझी कथा सभा-मोर्चांची नसून लालबागच्या एका चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवणाऱ्या बाईची आहे. (मोर्च्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे; चुलीवर फारसे नाही, असे माझे मत.)

माझे घोडे एका प्रसंगापाशी अडले आहे. पगार थांबल्यामुळे जेवणाऱ्यांचे पैसे थकतात, तेव्हा ती बाई लग्नात मिळालेला तांब्याचा हंडा गहाण टाकायला नेते आणि जाण्यापूर्वी त्यावर कोरलेले माहेरचे नाव चिंचेने घासून लख्ख करते. अशी नाव घातलेली भांडी सोडवली गेली नाहीत, तर ती तशीच विकली जात, की वजनावर मोडीत निघत?

दुसरे असे की, गावी निघून गेलेल्या बदली कामगाराची (म्हणजे गैरहजर कायम कामगाराच्या जागी रोजावर घेतल्या जाणाऱ्याची) थकबाकी खानावळवाली कशी वसूल करी? वहीत खाडे वजा करून हिशेब ठेवला जाई, एवढे मला ठाऊक आहे. पण उधारी बुडाली तर त्याच्या गाववाल्यांकडे, गाळ्यातल्या सोबत्यांकडे ती मागता येत असे का? ज्यांच्या आई-आजीने खानावळ चालवली असेल, त्यांनी कृपया आठवेल तसे लिहावे.