खर्च ३२ लाख, मिळकत ३३ लाख, तरी तोटा? (इट्स अ वंडरफुल लाइफ, १९४६)

गल्लापेटी:
फ्रँक काप्राच्या या सिनेमाचा निर्मितीखर्च सुमारे ३१.८ लाख डॉलर आणि मिळकत ३३ लाख, असे आकडे सगळीकडे दिसतात. तरी वितरक स्टुडिओ आरकेओच्या वहीत सव्वापाच लाखांचा तोटा. हे गणित कसं बसतं? आणि एका लहान गावातल्या कृष्णधवल कौटुंबिक सिनेमाला एवढे पैसे लागले कशाला?

प्रिंटवाला:
३३ लाख म्हणजे तिकीटविक्री नव्हे. थिएटरवाल्याने आपला वाटा ठेवून घेतल्यावर वितरकाच्या हाती येतं ते रेंटल. त्यातून आधी वितरणाचं कमिशन, मग प्रिंटा आणि जाहिरात वळती होते. उरलं तर कर्जफेड. ३१.८ लाख हा फक्त निगेटिव्ह, म्हणजे सिनेमाची मूळ प्रत, तयार होईपर्यंतचा खर्च. एवढ्या खर्चाला जवळपास दुप्पट रेंटल आलं तर हात तोंडाशी पोचतो.

आरकेओचं फार बिघडलं नाही, त्यांच्याकडे दुसरे सिनेमे होते. मेली ती सिनेमा काढणारी काप्राची कंपनी, लिबर्टी फिल्म्स. काप्रा, ब्रिस्किन, वायलर, स्टीव्हन्स असे चार भागीदार आणि पहिलाच सिनेमा हा. १९४७ मध्येच कंपनी पॅरामाउंटला विकावी लागली.

कापूसकोंडा:
खर्चाचं म्हणाल तर बेडफर्ड फॉल्स बघा. आरकेओच्या एन्सिनोच्या जागेवर, 'सिमरॉन' या आधीच्या सिनेमाच्या जुन्या सेटवर उभारलेलं सिनेमातलं गाव: सुमारे ४ एकर, ३०० यार्डांचा मुख्य रस्ता, ७५ दुकानं-इमारती, वर मोठे झालेले २० ओक आणून लावले. शूटिंग एप्रिल ते जुलै, म्हणजे नाताळचा बर्फ ऐन उन्हाळ्यात.

तोवर सिनेमात पडणारा बर्फ म्हणजे पांढरे रंगवलेले कॉर्नफ्लेक्स. ते पायाखाली असे करकरायचे की संवाद नंतर डब करावे लागत. काप्राला आवाज जागेवरच हवा होता. म्हणून रसेल शर्मनच्या टीमने आग विझवायचा फोमाइट, साबण आणि पाणी एकत्र केलं, दाबाने पंपातून सोडलं आणि समोर पंखा लावला. फेस तुटून बिनआवाजाचे पुंजके पडतात, कपड्यांना चिकटूनही राहतात. असं ६,००० गॅलन मिश्रण लागलं. जमिनीवरचा थर वेगळा: जिप्सम आणि किसलेला बर्फ. या तंत्राला पुढे अकादमीचं तांत्रिक पारितोषिक मिळालं. पुलावरच्या प्रसंगात नायक जेम्स स्टुअर्टचा चेहरा नीट पाहा, भर बर्फात घामेजलेला आहे.

तिसरी घंटा:
तारखेचा घोळ राहिला. सिनेमा जानेवारी १९४७ मध्ये यायचा होता. आरकेओचा 'सिनबाद द सेलर' नाताळला लावायचा, पण त्याच्या टेक्निकलर प्रिंटा वेळेत मिळेनात. मग याची तारीख अलीकडे ओढली: २० डिसेंबर १९४६, न्यूयॉर्कचं ग्लोब थिएटर. बाकी देशात पोचला जानेवारीत, घरोघरची नाताळाची झाडं उतरल्यावर!

शिवाय डिसेंबरात लागल्यामुळे ऑस्करच्या १९४६ च्याच खेपेत गेला, जिथे 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' आधीच ठाण मांडून होता. पाच नामांकनं, हाती शून्य. आणि 'बेस्ट इयर्स'चा दिग्दर्शक कोण? लिबर्टीचाच भागीदार वायलर; तो सिनेमा त्याने निर्माता गोल्डविनसाठी केला होता.

गल्लापेटी:
आभार. मग टीव्हीवर एवढा चालला तो हक्क संपल्यामुळेच ना? म्हणजे आता कुणीही दाखवावा?

प्रिंटवाला:
पूर्वार्ध बरोबर, उत्तरार्ध नाही. तेव्हा अमेरिकेत कॉपीराइट २८ वर्षांचा असे आणि मग नूतनीकरण करावं लागे. १९७४ मध्ये ते राहून गेलं, आणि टीव्ही केंद्रं रॉयल्टी न देता दर डिसेंबरात लावत सुटली. मात्र फिलिप व्हॅन डोरेन स्टर्नची मूळ कथा हक्कातच होती. 'रिअर विंडो' या दुसऱ्या सिनेमावरून १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की मूळ कथेचा मालक सिनेमाच्या वापरावर हरकत घेऊ शकतो. खटल्याचं नाव 'स्टुअर्ट विरुद्ध अबेंड', हाच जेम्स स्टुअर्ट! त्या आधारावर रिपब्लिक पिक्चर्सने कथा आणि संगीताचे हक्क पुढे करून १९९३ मध्ये फुकटचा वापर थांबवला. नुसत्या चित्रांवर हक्क नसला तरी कथा वगळून सिनेमा दाखवणार कसा?