मदत हवी आहे: 'वाकडी वाट' नावाचा अर्थ दोन ओळीत कसा सांगू?

मंडळी, माझ्या प्रवासाच्या लिखाणाला मी 'वाकडी वाट' असं नाव दिलंय, म्हणजे आपण म्हणतो ना, 'जरा वाट वाकडी करून येऊन जा', तेच डोक्यात होतं. मेन रोडवरून जाताना फाट्यावर गंजलेली, अक्षरं अर्धी उडालेली पाटी दिसली की गाडी तिकडेच वळते माझी, आणि खरं लिहिण्यासारखं जे काही सापडतं ते तिथेच, ठरवून गेलेल्या स्पॉटवर फक्त फोटो मिळतात.

पण नाव ऐकलं की अर्ध्या लोकांना 'वाकड्या वाटेला लागला' तेच आठवतं, काकांनी तर सरळ विचारलं सगळं ठीक आहे ना बाबा तुझं 😄

एकाने 'चरैवेति' सुचवलं. 'ऐतरेय ब्राह्मण' या वैदिक ग्रंथातलं आहे, 'चालत राहा', अर्थ झकासच, पण ते सगळीकडे दिसतं आणि मला सतत चालायचं नाहीये, थांबायचंय!

तर नाव न बदलता खाली दोन ओळीत अर्थ कसा लिहावा? की 'वाट वाकडी करून' एवढंच केलं तर भागेल? लेक्चर वाटायला नको बस.