शब्दचर्चा : ‘डोंगा’, ‘वरलिया रंगा’ आणि मनाचं चांगलेपण

काठावरची :
भाची आठवीत आहे. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिला ‘खरे सौंदर्य’ हा विषय मिळालाय, वेळ तीन मिनिटं. या विषयावर बोलायला उभं राहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती संत चोखोबांचा (चोखामेळा) जो अभंग लागतो तोच तिच्याही लागला.

ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा ।
काय भुललासी वरलिया रंगा ॥

तिच्याकडच्या मार्गदर्शकात ‘डोंगा = होडी’ असा अर्थ छापलाय. ऊस होडी कसा असेल, म्हणून ती माझ्यामागे लागली आहे. ‘वाकडा’ असा अर्थ मी लहानपणापासून ऐकलाय, पण ‘कशावरून?’ असं तिने विचारलं की गप्प बसावं लागतं. दुसरं, ‘वरलिया रंगा’मधला रंग म्हणजे कातडीचा रंग का? आणि तिसरं, तिने भाषणात ‘आंतरिक सौंदर्य’ चार वेळा लिहिलंय. ऐकताना सरकारी परिपत्रक वाचतेय असं वाटतं. याला रोजच्या बोलण्यातला शब्द काय? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मोडीवाचक :
होडी नाही. पुरावा अभंगातच आहे, कोश उघडायचीही गरज नाही. पुढची चरणं बघा: ‘कमान डोंगी परी तीर नोहे डोंगा’, ‘नदी डोंगी परी जळ नोहे डोंगें’, ‘चोखा डोंगा परी भाव नोहे डोंगा’. ऊस पुल्लिंगी म्हणून डोंगा, कमान आणि नदी स्त्रीलिंगी म्हणून डोंगी, जळ नपुंसकलिंगी म्हणून डोंगें. शब्द नामाप्रमाणे लिंग बदलतोय, म्हणजे विशेषण. होडी विशेषण होत नाही. आणि ऊस, धनुष्य, नदी या तिन्हींत सारखं काय, तर वाकडेपण. संपलं.

गोंधळ कुठून आला तेही कळतं. ‘डोंगी’ म्हणजे लहान होडी हा शब्द वेगळा आहेच. त्यात इथे शेजारी नदी आहे, आणि आधीच्या चरणात ‘तीर’ आहे. तीर म्हणजे नदीचा काठ असं धरलं की होडी आपोआप येऊन उभी राहते. पण इथला तीर म्हणजे बाण, आणि कमान म्हणजे धनुष्य. दोन्ही फारसी. आज कमान म्हटलं की आपल्याला गावाच्या वेशीवरची किंवा मिरवणुकीच्या वाटेवरची स्वागत कमान दिसते, म्हणून तीही जोडी सुटते. (लग्नाच्या पंगतीत भाजी वाढायचा डोंगा असतो, तो हिंदीतून आलेला पाहुणा, त्याला या भांडणात ओढू नका.)

शाईदौत :
अवांतर, पण फारसी शब्दांवरून एक शंका. चोखोबांचा मृत्यू 1338चा. देवगिरीवर अलाउद्दीन खिलजीची पहिली स्वारी 1296ची. इतक्या थोड्या काळात मंगळवेढ्याच्या माणसाच्या तोंडी कमान आणि तीर?

मोडीवाचक :
अशक्य नाही. लष्करी शब्द सगळ्यात आधी शिरतात, फौजेला गावात यायला निमंत्रण लागत नाही. शिवाय हे अभंग कितीतरी पिढ्या तोंडी फिरले आहेत, एखादा शब्द वाटेत बदललाही असेल. भाचीच्या तीन मिनिटांत यातलं काही घालू नका.

पेरकांडे :
आमच्याकडे ऊस आहे म्हणून लिहितो. जोराचा पाऊस-वारा झाला की उभा ऊस लोळतो. लोळल्यावर मुळं जमिनीत, पण शेंडा उजेडाकडे वळून पुन्हा वर निघतो, त्यामुळे एकेक कांडं कोपरात मुडपल्यासारखं दिसतं. तोडणीला असला ऊस टोळीला नको असतो, मोळी नीट बांधली जात नाही. पण गुऱ्हाळात चरकाला वाकडं-सरळ कळत नाही, रस तोच आणि गोडीही तीच. चोखोबांनी हे बघितलेलं असणार. मात्र लोळलेला ऊस फार दिवस तसाच पडून राहिला, उंदीर लागले, पेरांवरचे डोळे (कोंब) फुटले, तर साखरेचा उतारा घटतो हेही खरं. कारखाना अभंग ऐकून पैसे देत नाही.

अल्याडपल्याड :
पेरकांडे, क्या बात! नदीचंही तसंच. पंढरपुरात भीमा चंद्रकोरीसारखी वळते म्हणून तिथे ती चंद्रभागा. चोखोबा रोज वाकडी नदी बघत होते. उपमा गोळा करायला त्यांना लांब जावं लागलेलं नाही.

शाईदौत :
आता मला ‘चोखा’वर बोलायचंय. चोख हिशेब, चोख सोनं, चोख उत्तर. ज्यात भेसळ नाही ते चोख. मग ‘चोखा डोंगा’ हे दोन शब्द एकमेकांसमोर ठेवून बघा. नावातच शुद्ध असलेला माणूस स्वतःला वाकडा म्हणतोय. आणि ऊस आपण चोखतो, हाही श्लेष धरावा का?

मोडीवाचक :
पहिलं मान्य. दुसऱ्याचा मोह मलाही होतो, पण आधार नाही. सोडून द्या.

जुनंदप्तर :
तिसऱ्या प्रश्नाकडे येते. ‘आंतरिक सौंदर्य’ खटकतं याचं कारण माणसाच्या मनाला सुंदर म्हणायची आपल्याला सवय नाही. आठवून बघा. मनाने मोठा, मनाने मऊ, मन निर्मळ, मन साफ, मनात काही ठेवत नाही. मनाचं कौतुक आपण आकाराने करतो, स्वच्छतेने करतो, स्पर्शाने करतो. रूपाने करत नाही. तुकोबांच्या ‘शुद्ध बीजापोटी’ या अभंगातही पुढे ‘सर्वांगी निर्मळ । चित्त जैसे गंगाजळ’ असंच आहे.

त्याच अभंगातल्या ‘फळे रसाळ गोमटी’मधल्या गोमट्याचं मात्र वाईट वाटतं. गोमटं म्हणजे सुंदर, चांगलं, हितकारक, सगळं एकत्र. फळ गोमटं असायचं. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या नावातला गोम्मटही हाच, असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्याच मूर्तीच्या पायाशी ‘श्रीचामुंडराजें करवियलें’ हे जुनं मराठी वाक्य कोरलेलं आहे. आज हा शब्द एकटा कुठे दिसतो का? दिसतो तो ‘गोरागोमटा’मध्ये, गोऱ्याचं शेपूट होऊन. सावळागोमटा कोणी म्हणत नाही.

‘बरवा’ची गत निराळी. ज्ञानदेव विठ्ठलाला बघून ‘तो हा विठ्ठल बरवा’ म्हणतात, तिथे तो डोळे निववणारा सुंदर आहे. आता ‘कशी वाटली मुलगी?’ ‘बरी आहे.’ एवढं ऐकल्यावर मुलीकडचे दुसरं स्थळ शोधायला लागतात.

काठावरची :
म्हणजे ज्या देवाला सावळा म्हणून डोक्यावर घेतलं त्याच देवाची भाषा बोलणारे आपण बायोडाट्यात ‘वर्ण’ असा रकाना ठेवतो.

जुनंदप्तर :
आणि त्यात चार पायऱ्या. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. ‘काळा’ लिहिलेला बायोडाटा मी अजून पाहिलेला नाही, तिथे सगळे ‘सावळा’ लिहितात आणि सावळे ‘गव्हाळ’ लिहितात. ‘सुस्वरूप’ हा शब्दही आता त्या कागदाबाहेर कुठे ऐकू येत नाही.

उंबरठा :
सगळं वाचलं. एका गोष्टीवर मात्र कोणी बोललेलं नाही. हा अभंग ‘दिसण्यावर जाऊ नका’ या विषयावरचा आहे, असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. सुविचाराच्या फळ्यांवर तो याच अर्थाने लिहितात.

चोखोबा महार होते. विठ्ठलाचं देऊळ त्यांना बंद होतं. ‘धाव घाली विठू आता, चालू नको मंद, बडवे मज मारिती’ हाही त्यांचाच अभंग. त्यात बडवे (देवळातले पुजारी) विचारतात की विठोबाच्या गळ्यातला हार तुझ्या गळ्यात आलाच कसा. मंगळवेढ्याला गावकूस, म्हणजे गावाभोवतीची भिंत, बांधायच्या कामावर असताना ते कोसळून त्याखाली गेले. समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, देवळाच्या बाहेर. त्या देवळाचं दार त्यांच्या जातीच्या माणसांना उघडलं ते 1947च्या मे महिन्यात, साने गुरुजींच्या उपोषणानंतर.

हे माहीत असलेल्या माणसाने ‘चोखा डोंगा’ वाचावं. डोंगा म्हणजे नाकी-डोळी कमी, असा अर्थ तिथे बसतच नाही. चोखोबा दिसायला कसे होते हे कोणाला ठाऊक आहे? त्यांना वाकडं ठरवलं होतं जन्माने, आणि ठरवणारे दुसरेच होते. ‘वरलिया रंगा’ हा वरचा रंग म्हणजे बाहेरून जे दिसतं ते सगळं, आणि त्या काळात माणूस दिसायच्या आधी जात दिसायची. ‘काय भुललासी’ हा प्रश्न सौंदर्याला भुललेल्याला विचारलेला नाही, विटाळ मानणाऱ्याला विचारलेला आहे. त्याला चेहऱ्याच्या क्रीमच्या जाहिरातीशेजारी नेऊन बसवलं की तो प्रश्न कोणालाच बोचत नाही.

अल्याडपल्याड :
बोचलं, आणि पटलंही. तरी एक म्हणतो. अभंगात जातीचा उल्लेख नाही, ऊस-कमान-नदी आहे. म्हणजे अर्थ मोठा ठेवायची मोकळीक त्यांनीच दिली आहे ना? ज्याला रंगावरून हिणवलं जातं अशा मुलीने तो आपला म्हणून म्हटला तर?

उंबरठा :
म्हणू दे की. तिला तो आपलाच आहे, तीही वरच्या रंगापायी अडवली जाते. माझी तक्रार तिच्याशी नाही. चोखोबांचं नाव, गाव, दार सगळं पुसून नुसता ऊस उचलणाऱ्यांशी आहे.

शाईदौत :
विषय ‘खरे सौंदर्य’ असाच ठेवायचा असेल तर दासबोध आहे. त्याच्या चौदाव्या दशकात, म्हणजे भागात, ‘चातुर्यलक्षण’ हा समास. ‘रूप लावण्य अभ्यासितां न ये । सहजगुणास न चले उपाये । कांहीं तरी धरावी सोये । अगांतुक गुणाची’. रूप जन्माचं, ते सहजगुण. मेहनतीने येतात ते आगंतुक गुण. आज आगंतुक म्हणजे न बोलावता जेवणाच्या वेळी टपकणारा, रामदासांचा आगंतुक मात्र बोलावून, कष्टाने आणायचा. तिथेच ‘चातुर्यें शृंगारे अंतर । वस्त्रें शृंगारे शरीर’ असंही आहे. अंतर शृंगारतं, काय क्रियापद आहे!

उंबरठा :
ओव्या छान. पण त्याच समासात ‘काळें माणुस गोरें होयेना’ हे मुक्या, आंधळ्या आणि पांगळ्याच्या ओळीत बसवलंय. काळं असणं ही उणीवच, फक्त इलाज नाही, असा त्याचा सूर. आठवीच्या मुलीने हे म्हणावं का ते ठरवा. चोखोबा स्वतःला डोंगा म्हणतात तेव्हा तो शब्द समोरच्याच्या तोंडचा घेऊन त्यालाच परत करतात. दोन्हींत फरक आहे.

मोडीवाचक :
सहमत. आणि काठावरची, तुमचा तिसरा प्रश्न अभंगातच सुटलाय असं मला वाटतं. ‘भाव नोहे डोंगा’. वाकडा नाही म्हणजे काय? सरळ. आपण आजही म्हणतो, माणूस सरळ आहे, सरळमार्गी आहे, त्याच्या बोलण्यात आडवंतिडवं काही नाही. उलट बाजूला वाकड्यात शिरणं, तिरकं बोलणं, वाकडी वाट. भाचीने ‘आंतरिक सौंदर्य’ खोडून ‘सरळ’ लिहिलं तर चारही जागी बसतं का बघा. जिथे बसणार नाही तिथे निर्मळ.

काठावरची :
तीन ठिकाणी सरळ बसलं, एका ठिकाणी निर्मळ. भाषण तिने पुन्हा लिहिलं. मंदिराचं दार आणि 1947 आधी, ऊस नंतर. पेरकांड्यांचा मुडपलेला ऊस तिला फार आवडला, ते वाक्य ती तुमच्या परवानगीने घेते आहे. बाई म्हणाल्या विषय थोडा भरकटला, पण बदल असं सांगितलं नाही. एकच राहिलं. तिच्या पुस्तकात ‘नव्हे’ आहे, इथे सगळ्यांनी ‘नोहे’ लिहिलंय. बोलताना काय म्हणू?

पेरकांडे :
परवानगी कसली, घ्या. उतारा घटतो ते मात्र सांगू नका, परीक्षक ऊसवाला निघायचा.

मोडीवाचक :
दोन्ही पाठ छापलेले सापडतात, अर्थ एकच. ‘नोहे’ म्हणू दे. ‘रस नोहे डोंगा’ एका दमात निघतं, ‘नव्हे’ला जीभ किंचित थांबते.