कृष्णकमळाला अडीच वर्षांत एक फूल नाही

जुना_गार्ड :

मंडळी नमस्कार. डोंबिवलीत राहतो, जुनी बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. रेल्वेत गार्ड होतो. हल्ली त्या पदाला ट्रेन मॅनेजर म्हणतात, पण मी गार्ड म्हणूनच रिटायर झालो. जन्मभर गाडीच्या शेपटाला बसून मागे पळणारी झाडं बघितली. आता स्वतः एक लावलंय तर ते दाद देत नाही.

चिपळूणला मेव्हण्याच्या परसात कृष्णकमळाचा वेल आहे. विहिरीच्या कठड्यावरून न्हाणीघराच्या कौलांवर गेलाय. पावसात एवढी फुलं येतात की शाळेतली पोरं तोडून नेतात आणि वाटेत कौरव, म्हणजे फुलातल्या झिरमिळ्या, मोजत बसतात. त्याचीच पेन्सिलीएवढी जाड, तीन पेरांची काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली. लगेच रुजली. चौदा इंची कुंडी, लाल माती आणि शेणखत निम्मं निम्मं. ग्रिलला सुतळ्या बांधून दिल्या. आज अशी स्थिती आहे की पानांमुळे गॅलरीत भरदिवसा दिवा लावावा लागतो. फूल सोडा, कळीसुद्धा दिसली नाही.

खुराक असा : तांदूळ धुतलेलं पाणी रोज, चहाचा चोथा, आणि सोसायटीच्या माळ्याच्या सांगण्यावरून दर पंधरा दिवसांनी चमचाभर युरिया. गॅलरी पूर्वेची. समोर बावीस मजली टॉवर झाल्यापासून ऊन साडेनऊला येतं, अकराला जातं. मध्ये नारिंगी-तपकिरी काटेरी अळ्या पडल्या होत्या, पानांची चाळण केली. तंबाखूचं पाणी मारलं, गेल्या.

बायको म्हणते, उपटा आणि मनी प्लांट लावा. सल्ला द्या, लवकर द्या.

सातारी_कलम :

काका, वेलाला तुम्ही रोज पुरणपोळी घालताय. मग तो काम कशाला करेल?

आधी युरिया बंद. आजपासून. युरिया म्हणजे नत्र, आणि नत्र म्हणजे पानं. तुमचा वेल पानांच्या बाबतीत पहिला आलाय, त्यात त्याची चूक नाही. मातीत शेणखतही निम्मं आहे, म्हणजे वर्षभर वेगळं काही घालायची गरजच नव्हती. आता महिन्यातून एकदा मूठभर हाडांचा चुरा आणि चिमूटभर लाकडाची राख, बस. चहाचा चोथा झाडाला घालायचा असेल तर आधी धुऊन घ्या, त्यात दूध-साखर असते, मुंग्या येतात. मुंग्यांमागून पिठ्या ढेकूण येतो आणि मग तुम्ही इथे दुसरा प्रश्न टाकाल.

दुसरं, ऊन. दीड तास म्हणजे काहीच नाही. कृष्णकमळाला पाच-सहा तास थेट ऊन पाहिजे. सावलीत तो मरत नाही, वाढत राहतो, म्हणून माणूस फसतो. तो वाढत नसतो, ऊन शोधत पळत असतो.

तिसरं, छाटणी. फूल नव्या फुटव्यावर येतं, पानाच्या बगलेत. जुनं जाळं तसंच ठेवलंत तर फक्त जाळंच राहतं. आमच्याकडे नर्सरीत थंडी सरता सरता, फेब्रुवारीत, निम्म्याच्या वर कापून काढतो. आता भर पावसाळ्यात मात्र कात्री लावू नका, आलेली संधी जाईल.

बाकी काडी तुमच्या मेव्हण्यांच्या फुलणाऱ्या वेलाची आहे, म्हणजे जात खोटी नाही. बियांचं रोप असतं तर वेगळी गोष्ट.

पाखरू_निरीक्षक :

मूळ प्रश्न सोडून अळ्यांबद्दल लिहितो, माफ करा, राहवत नाही.

दादा, तुम्ही ज्यांच्यावर तंबाखू मारलात त्या कृष्णकमलिनी फुलपाखराच्या अळ्या. नावातच कृष्णकमळ आहे बघा. मादी पानाच्या खाली पिवळ्या अंड्यांचा पुंजका घालते, सगळी भावंडं एकत्र खातात, म्हणून चाळण होते. या पानांत विषारी द्रव्यं असतात. अळ्यांना ती बाधत नाहीत, उलट त्यांच्यामुळे फुलपाखराची चव बिघडते आणि पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत. म्हणूनच ते इतकं संथ, बेफिकीर उडतं. नारिंगी पंख, काळे ठिपके. कोष तर बघाच कधी : पांढरा, त्यावर काळ्या रेघा आणि नारिंगी ठिपके, जणू कुणी बारीक कुंचल्याने रंगवलाय.

तुमच्या वेलाला पानं उदंड आहेत. चार फांद्या त्यांना द्या. जास्तच झाल्या तर पानासकट उचलून रुळांकडेच्या वेलघाणीवर सोडा. ती कृष्णकमळाचीच रानटी बहीण, अळ्यांना चालते. अळ्यांचे काटे विषारी नाहीत, पण कुणाच्या हाताला खाज सुटू शकते, फडकं घ्या. तंबाखूचं पाणी मात्र परत नको, त्याने फुलपाखरंच नाही, मधमाश्याही मरतात.

कोयतेबहाद्दर :

आमची आजी फळ न धरणाऱ्या झाडासमोर कोयता घेऊन उभी राहायची आणि मोठ्याने म्हणायची, "या वर्षी नाही आलं तर तोडते." मधे माझे आजोबा हात जोडून, "नको नको, यंदा येईल." फणसाला लागू पडलं होतं. वहिनींना सांगा, मनी प्लांटचं नाव वेलासमोर घ्यायला.

वसईची_वाडी :

आमच्या वाडीत विहिरीजवळ आहे हा वेल. एक गंमत सांगते. तुम्ही लोक यात पाच पांडव, शंभर कौरव आणि वर ब्रह्मा-विष्णू-महेश बघता. आमच्या मायने आम्हाला लहानपणी वेगळंच दाखवलं : त्या झिरमिळ्या म्हणजे येशूचा काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसर म्हणजे पाच जखमा, वरचे तीन म्हणजे खिळे. फूल मूळचं अमेरिकेकडचं. तिथे गेलेल्या स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्यात हे पाहिलं आणि पॅशन फ्लॉवर नाव पडलं. पॅशन म्हणजे इथे आवड नव्हे, ख्रिस्ताचं दुःखसहन. शेजारच्या वैती काकू आणि माय एकाच फुलावरून भांडायच्या, मग दोघी मिळून चहा प्यायच्या.

आता कामाचं. भाऊ, तुम्ही फक्त ग्रिलमधलं सांगितलंत. वेलाचा शेंडा कुठे आहे? अडीच वर्षांचा वेल एका गॅलरीत मावत नाही. आमचा सहा-सात मीटर सहज गेलाय, खाली बुडाशी नुसती पानं, फुलं सगळी वरच्या टोकाला उन्हात. आणि फूल एकच दिवस टिकतं, दुसऱ्या दिवशी मिटून गळतं. लक्ष नसेल तर कळतही नाही. आधी बाहेर वाकून बघा. नाही, वाकू नका, कुणाला तरी बघायला सांगा.

जुना_गार्ड :

ताई, तुमचा सिग्नल अचूक.

शेंडा ग्रिलमधून निघून पावसाच्या पाण्याच्या पाइपाला धरून वर गेलाय, हे मला माहीत होतं. तो चौथ्या मजल्याच्या पुढे कुठवर गेलाय, हे बघितलं नव्हतं. गुडघ्यांमुळे दोन वर्षांत गच्चीवर पाऊल टाकलेलं नाही. आज कठडा धरून, प्रत्येक वळणावर हॉल्ट घेत, चढलो.

वेल गच्चीच्या कठड्यावर पोचून टाकीच्या शिडीवर पसरलाय. सहा फुलं, आणि कळ्या मोजल्या नाहीत इतक्या. एका फुलावर मोठा काळा भुंगा पाठीला पिवळी धूळ लावून बसला होता. मी तिथेच पाण्याच्या टाकीला टेकून उभा राहिलो.

तेवढ्यात चौथ्या मजल्यावरच्या वहिनी परडी घेऊन आल्या. त्या गेल्या वर्षीपासून रोज सकाळी ही फुलं दत्ताला वाहतायत! मी म्हटलं, वहिनी, हा वेल माझा आहे. तर म्हणतात, "अहो, मला वाटलं आपोआप आलाय, देवाची कृपा." मी पाइपावरून बोट फिरवत खाली माझ्या ग्रिलपर्यंत दाखवलं. त्यांना पटलं, पण फार आनंद झाल्यासारखं दिसलं नाही.

आता काय करू? वरून कापला तर वहिनी माझ्याशी बोलणार नाहीत. नाही कापला तर मी पानंच बघत बसायचं.

सातारी_कलम :

काका, भांडण नको, दाब कलम करा. पावसाळा चालू आहे, मुहूर्त चांगला आहे. गच्चीवर कठड्याजवळ मातीची कुंडी ठेवा. वेलाची पक्की, हिरवट-तपकिरी फांदी घ्या, शेंड्याचं कोवळं नको. तिचं एक पेर, म्हणजे पान निघतं ती गाठ, सालीला हलकासा ओरखडा काढून मातीत दोन बोटं खोल दाबा. वर विटेचा तुकडा. माती ओली राहू द्या, चिखल नको. महिना-दीड महिन्यात हलकेच ओढून बघा, अडकल्यासारखं वाटलं की मुळं धरली. मग तुमच्या बाजूने कापा. वरचा वेल वहिनींचा, खालचा तुमचा. खालच्याला ऊन नाहीच, तेव्हा तुमचीही एक कुंडी गच्चीवरच न्या, दुसरा इलाज मला दिसत नाही.

जुना_गार्ड :

दीड महिना झाला. कळवायचं राहिलं.

एक नाही, दोन पेरं दाबली होती. दोन्ही धरली. एक कुंडी वहिनींची, एक माझी, टाकीच्या पूर्वेला शेजारी शेजारी. खालच्या वेलाचं युरिया बंद आहे, पण त्याच्याकडून मला आता काही अपेक्षा नाही. चार फांद्यांवर अळ्या आहेत, असू देत. एक कोष ग्रिलला लटकलाय, अगदी लिहिलं होतं तसाच.

आठवड्यातून तीनदा गच्चीवर जातो. बायको म्हणते, मंडईत जायला सांगितलं की गुडघे दुखतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

काल वहिनींनी माझ्या कुंडीतलं फूल तोडलं नाही. ते घेऊन उन्हात बसलो आणि कौरव मोजायला घेतले. ब्याण्णवपर्यंत गेलो, मग भुंगा आला आणि मोजणी चुकली.