मदत हवी आहे: स्क्रोल सॉचं ब्लेड सारखं तुटायलंय

मखरवाला: महालक्ष्म्यांच्या मखराची जाळी स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक नक्षी कापायच्या करवतीच्या मशीनवर, करायला घेतलीय. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय, नऊच दिवस राहिलेत आणि कालपासून सहा ब्लेड तुटले. जे टिकतं ते रेघ सोडून उजवीकडं पळतं. मशीन नवीन आहे, ब्लेडही चांगलं आहे. काय बिघडलं असंल? लवकर सांगा.

गुण्या: ब्लेड टोकाला आडवी पिन असलेलं का बिनपिनचं? माल कोणता, किती जाडीचा? तुटतं कुठं? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

मखरवाला: एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाची दाबलेली पाटी, १२ एमएम. बिनपिनचं. कधी मधीच तुटतं, कधी वरच्या क्लॅम्पमधून, म्हणजे ब्लेड धरणाऱ्या पकडीतून, निसटतं.

किनवटचं_सागवान: मखराला एमडीएफ कशाला? आमच्या किनवटकडचं सागवान घ्या. दरवर्षी तेच मखर काढता येतं, लेकरंसुद्धा वापरतील.

गुण्या: भाऊ, त्यांनी लाकूड विचारलं नाही. मखरवाला, गंज धरू नये म्हणून नव्या ब्लेडला तेल असतं, त्यानं निसटतं. दोन्ही टोकं पॉलिश पेपरवर घासा, क्लॅम्पमधला भुसा काढा, मग ताण द्या. बोटानं छेडलं की तारेसारखं वाजलं पाहिजे. बाजूनं दाबल्यावर ३ एमएमपेक्षा जास्त हलू नये.

जालन्याचा_फर्निचरवाला: जास्त ताणामुळंच तुटायलंय, लिहून देतो. मी जरा ढिलं केलं अन् ब्लेड दुप्पट चाललं.

गुण्या: ढिलं ब्लेड वळणावर पोटातून वाकतं, कड तिरकी येते. तुमचा माल किती जाड होता?

जालन्याचा_फर्निचरवाला: ४ एमएम प्लाय. पण तत्त्व तेच की.

बीडकर: जिगसॉनं कापा, एका दिवसात काम.

सुताराची_लेक: जिगसॉचं रुंद ब्लेड जाळीच्या बारीक वळणात फिरणार कसं? मखरवाला, ब्लेडचा नंबर किती?

मखरवाला: १ नंबर. नक्षी बारीक आहे म्हणून बारीक घेतलं.

सुताराची_लेक: मग तुटणारच! १ नंबर पातळ मालाचं. १२ एमएमला ५ लावा, वळणं मोठी असतील तर ७. अन् उजवीकडं पळणं हा मशीनचा बिघाड नाही. ब्लेड बनवताना दातांच्या एका अंगाला बारीक धार उरते, ते अंग जास्त कापतं. फालतू तुकड्यावर सरळ रेघ मारा, ब्लेड रेघेवर चालेपर्यंत तुकडा थोडा थोडा तिरका करा, मग तोच तिरकेपणा धरून कापा. वडिलांनी मला सुरुवातीला नुसते फालतू तुकडेच दिले होते. जोर लावून ढकलू नका. दात खाली तोंड करून आहेत ना, तेही बघा. आणि मास्क लावाच, एमडीएफचा भुसा फार बारीक असतो, छातीत जातो.

बीडकर: व्होल्टेज पडतंय का तुमच्याकडं? स्टॅबिलायझर बसवा.

मखरवाला: ५ नंबर लावला, टोकं घासली. एका ब्लेडवर अख्खी कमान निघाली! लै आभार ताई. पण पाट्या एकमेकींच्या खाचेत बसंनात.

गुण्या: टेबलाच्या अंशपट्टीवर जाऊ नका. ब्लेड ताणा आणि छोटा गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) टेबलावर उभा करून ब्लेडला भिडवून बघा.

मखरवाला: टेबल कललं होतं. सरळ केलं, खाच बसली. आता खालच्या अंगाला कडेवर कूस, म्हणजे बारीक तुसं, येतेय.

सुताराची_लेक: रिव्हर्स दातांचं ब्लेड घ्या. त्याचे खालचे थोडे दात वर तोंड करून असतात, खालची कड स्वच्छ येते.

मखरवाला: परभणीत कुठल्या गल्लीत मिळंल? सकाळीच निघतो.