ट्रॅकवर इंजिन फुटले: ब्लॉक वेल्डिंग करावा की जुने इंजिन घ्यावे?

खानापूरचा गाडीवाला:
केवळ शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्यासाठी मी एमएच ०९ पासिंगची जुनी मारुती एस्टीम घेतली आहे. इंजिन १२९८ सीसीचे, सोळा व्हॉल्व्हचे आहे. गेल्या महिन्यात कोइमतूरच्या ट्रॅकवर एका लांब वळणात ऑइलचा लाल दिवा क्षणभर लुकलुकला. मी तो मनावर घेतला नाही आणि दोनच फेऱ्यांनंतर तिसऱ्या सिलिंडरचा कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, फोडून बाहेर आला. आमचे मिस्त्री ब्लॉकला वेल्डिंग करून, क्रँक ग्राइंड करून तेच इंजिन उभे करू म्हणतात. मित्रांच्या मते कोल्हापूरहून जुने इंजिन आणावे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

बेळगावच्या उद्यमबागेतील लेथवाला:
या इंजिनाचा ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा असून आत बिडाचे लायनर, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो ती नळकांडी, आहेत. भोक वेल्डिंगने बुजेल, पण त्या उष्णतेने लायनरची आणि क्रँक ज्यांवर फिरतो त्या मेन बेअरिंगची रेषा हलली, तर पुढचा सगळा खर्च पाण्यात जाईल. रस्त्यावरच्या गाडीसाठी कदाचित मी हे काम घेतले असते, ट्रॅकच्या गाडीसाठी घेणार नाही. (आमच्या धंद्याच्या दृष्टीने हे बोलणे तोट्याचेच आहे.)

मात्र दुसरे इंजिन शोधण्याआधी फुटलेले इंजिन पूर्ण उघडून उरलेल्या तीन रॉडांची बेअरिंगे पाहावीत. तीही घासून तांबूस झाली असतील, तर तेल पोहोचले नाही असे समजावे; ती स्वच्छ असतील, तर संशय तिसऱ्या रॉडच्या बोल्टवर जातो. आपण दिव्याचे सांगता त्यावरून मला पहिलेच कारण दिसते. लांब वळणात चेंबरमधले (इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या भांड्यातले) तेल एका बाजूला चढते, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप तेलाऐवजी हवा ओढतो. तो दिवा दाब जवळजवळ संपल्यावरच लागतो, त्यामुळे तो इशारा नसून पंचनामा असतो. तेल एका बाजूला धावू नये म्हणून चेंबरमध्ये आडवे पडदे वेल्ड करून घ्यावेत आणि दाब दाखवणारा काटा बसवावा. नाहीतर नवे इंजिनही त्याच वळणावर जाईल.

निपाणीकर:
वरील मताशी सहमत आहे. एक भर घालतो: ऑइल कूलर धुऊन पुन्हा वापरू नये, कारण त्याच्या बारीक नळ्यांत अडकलेला धातूचा चुरा पूर्ण निघत नाही आणि नंतर थेट नव्या बेअरिंगांत जातो. शिवाय इंजिन बदलल्यावर आरसी बुकातील इंजिन क्रमांकही बदलावा लागतो. गाडी एमएच ०९ असल्याने त्यासाठी कोल्हापूरच्या आरटीओत जावे लागेल, बेळगावात काम होणार नाही. म्हणून विकणाऱ्याकडून बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रे घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

खानापूरचा गाडीवाला:
काल इंजिन उघडले. दुसऱ्या आणि चौथ्या रॉडच्या बेअरिंगांचाही वरचा थर उडालेला निघाला. जुने इंजिन पाहण्यासाठी रविवारी कोल्हापूरला जात आहे. चेंबर मात्र आजच उद्यमबागेत पडदे बसवायला दिला. मिस्त्री अजून नाराज आहेत.