सजगता म्हणावं की भान?

विचारणा: नागपुरात पालकांसाठी माइंडफुलनेसची, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष असू देण्याच्या सरावाची, चार सत्रं घ्यायची आहेत. पत्रकात 'सजगता' छापतोय, पण बोलताना तो शब्द जड जातो. 'भान' चालेल का? की 'अवधान' बरं?

समुपदेशक: पत्रकात सजगता राहू द्या, रूढ झालाय. तोंडी सूचनेत मात्र टाळा. 'सजग' आपल्याकडे पहारेकऱ्याचा शब्द आहे, 'सजग नागरिक' वगैरे. तो ऐकला की माणसं भुवया आवळतात, खांदे वर घेतात, श्वास मुद्दाम ओढतात आणि पाच मिनिटांत डोकं धरून बसतात. भान उत्तम, पण 'भान ठेवा' म्हणू नका जी. ते मराठीत रागावणं आहे ('जरा भान ठेव, मोठ्यांशी बोलतोयस!'). भान येतं, राहतं, सुटतं. म्हणून सूचना अशी द्यावी: श्वास जसा चाललाय तसा चालू द्या, नाकपुडीशी तो लागतो तिथे लक्ष असू द्या. मन पळालं की मनात 'विचार' एवढंच म्हणा आणि परत या. सुटल्याचं कळलं, तिथेच भान आलं. दहा मिनिटांत तीस वेळा सुटलं तरी सराव बिघडलेला नाही, हे आधीच सांगा. नाहीतर दुसऱ्या सत्राला निम्मे येणार नाहीत.

पालीचा अभ्यासक: मूळ पाली शब्द 'सति', संस्कृत 'स्मृति'. 1881 मध्ये पाली ग्रंथांचे इंग्रज अनुवादक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी त्याला माइंडफुलनेस हा इंग्रजी शब्द दिला. म्हणजे त्यात आठवण आहे: काय करत होतो ते न विसरणं. 'अवधान' ऐकणाऱ्याचं, ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय श्रोत्यांकडे तेच मागून सुरू होतो. ('सावधान'मध्येही तेच दडलंय, मांडवातलं असो की कवायतीतलं.) दीक्षाभूमीच्या या शहरात आणखी एक शब्द घरोघरी आहे, फक्त लक्षात येत नाही. पंचशीलातल्या पाचव्या, मद्य टाळण्याच्या शीलात 'मज्जपमादट्ठाना' येतं. त्यातला 'पमाद' म्हणजे गाफीलपणा, 'सति'च्या उलट. मराठीत 'प्रमाद' नुसती चूक होऊन बसला. गाफील नसणं, असं सांगितलं तर इथल्या आजीबाईंनाही कळेल.

विचारणा: पण 'भान हरपून' ही तर आपण स्तुती करतो! मग भान येणं चांगलं की हरपणं?

समुपदेशक: दोन्ही, पण वेगवेगळ्या वेळी. भान हरपणं म्हणजे मानसशास्त्रज्ञ चिकसेंटमिहाय यांचा 'फ्लो', मराठीत तल्लीनता. काम कौशल्याला थोडं ताण देणारं हवं, पुढची पायरी स्पष्ट हवी, जमलं-फसलं लगेच कळायला हवं. रांगोळी, तबला, स्वयंपाक यांत हे जुळतं. मोबाइलवर रील सरकवतानाही वेळ कळत नाही, पण कौशल्य कुठे आहे? तिथे भान हरपत नाही, हरवतं. एकाच सत्रात दोन्ही शिकवू नका, लोक गोंधळतात.

भान येण्यासाठी मनुक्याचा प्रसिद्ध सराव आहे, आपण संत्र्याची फोड घेऊ. सोलताना सालीचा वास, बोटांना लागणारं तेल, फोडीवरच्या शिरा, मग दाताखाली फुटणारा रस. एका फोडीला तीन मिनिटं. तर्री पोह्यांवर हा प्रयोग नको. तिखटापुढे बाकी काही जाणवत नाही.

विचारणा: आणि 'सकारात्मक मानसशास्त्र'?

समुपदेशक: रूढ आहे, पण लोक 'सकारात्मक विचार करा' ऐकतात आणि दुःख दाबायला लागतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सेलिग्मन यांनी 1998 मध्ये विषय मांडला तो माणसाचं काय बरं चालतं ते तपासायला. त्यांचा सोपा सराव: आठवडाभर रोज रात्री, त्या दिवशी चांगल्या झालेल्या तीन गोष्टी लिहायच्या आणि प्रत्येकीपुढे 'कशामुळे'. लोक फसतात ते नामं लिहून: आई, घर, तब्येत. तिसऱ्या दिवशी यादी तीच. घटना लिहायला लावा: 'बर्डीच्या बाजारात पाऊस आला, दुकानदारानं आत उभं राहू दिलं. कशामुळे? मी विचारलं म्हणून.' हा 'कशामुळे' गाळला की वही नुसती हिशेबाची होते.

पालीचा अभ्यासक: याला 'कृतज्ञता' म्हणू नका, फार समारंभी वाटतं. 'जाण' म्हणा.